विहिरीला कुलूप नसते

आमच्या वसाहतीच्या रहिवासी मंडळाने यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर एक सूचना लावली. सूचना मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होती, हे विशेष. कारण मंडळाचा जमाखर्च आजवर एका भाषेतही धड लागलेला नाही. सूचनेचा मजकूर असा : 'कोणत्याही सभासदाने आपल्या घरातील वाय-फायचा पासवर्ड शेजाऱ्यांना, त्यांच्या मुलांना अथवा घरकामास येणाऱ्या व्यक्तींना देऊ नये. सुरक्षेच्या दृष्टीने ते धोकादायक आहे.'

मी गेली पाच वर्षे माझ्या घरचे नेट गल्लीला देत आलो आहे. चोरून नव्हे, उघडपणे देत आलो आहे, आणि ही सूचना वाचल्यावरही देतो आहे. का देतो, ते या लेखात मांडायचे आहे. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांशी माझे वैर नाही. माणसे सज्जन आहेत. त्यातले दोघे तर माझे विद्यार्थी. भांडण आहे ते सूचनेमागच्या समजुतीशी. ही समजूत फक्त आमच्या वसाहतीत आहे असेही नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, कोठेही जा. दारात तुळस, भिंतीवर 'अतिथी देवो भव', आणि शेजारच्या पोराने 'सर, नेट संपलंय, जरा पासवर्ड द्या की' असे म्हटले की चेहऱ्यावर आठी!

शेजाऱ्याला विरजण देताना, लग्नाला सतरंज्या देताना, मध्यरात्री दवाखान्यात न्यायला गाडी काढताना ज्या माणसाचा हात आखडत नाही, तोच माणूस या आठ-दहा अक्षरांपाशी येऊन कंजूष का होतो, हा माझा प्रश्न आहे.

विहीर आणि हौद

टिळकवाडीतील काँग्रेस विहीर बेळगावकरांना सांगायला नको. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद स्वीकारलेले ते एकमेव अधिवेशन. त्याच्या सिद्धतेचा भार कर्नाटकसिंह गंगाधरराव देशपांडे यांनी वाहिला. अधिवेशनाला येणाऱ्या लोकांच्या पाण्यासाठी विहीर खोदली गेली आणि तिला पंपा सरोवर असे नाव देण्यात आले. अधिवेशन संपले, मंडप उतरले, पाहुणे गेले, विहीर राहिली. कोणा मराठी वा कानडी माणसाने त्या पाण्याला भाषा विचारल्याचे ऐकिवात नाही.

त्याहून मागे जाऊ. १८६८ साली महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हौद त्यांच्या मालकीचा होता. कोणालाही पाणी न देण्याचा त्यांना 'अधिकार' होता आणि त्या काळच्या समाजाने त्या अधिकाराचे कौतुकच केले असते. त्यांनी तो अधिकार बाजूला ठेवला. पुढे १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव रावबहादूर बोले यांनी आणला व तो संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिले आणि चवदार तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सत्याग्रह करावा लागला.

त्या लढ्याची बरोबरी मी वाय-फायशी करत नाही. कोणी करूही नये. तेथे माणूसपण पणाला लागले होते. पण त्या इतिहासातून एक साधी गोष्ट शिकता येते : सरकारी ठरावाने पाणवठा खुला होत नाही, तो शेजारच्या माणसाने खुला करावा लागतो. आणि दुसरी गोष्ट अशी की, पाणवठ्यावर पहारा बसवणाऱ्या प्रत्येक पिढीकडे 'सुरक्षे'चे किंवा 'शुद्धते'चे एखादे सभ्य कारण तयार असते.

आमच्या मंडळाच्या सूचनेत 'घरकामास येणाऱ्या व्यक्ती' हे शब्द का आले, याचा वाचकांनी जरा विचार करावा. पाहुण्यांना पासवर्ड देऊ नका, असे त्यात म्हटलेले नाही. पुण्याहून आलेल्या जावईबापूंनी चप्पल काढण्याआधी पासवर्ड विचारला तर आपण धन्य होतो. धोका आहे तो भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या मुलीपासून. ती नववीत आहे आणि तिला विज्ञानाचा पाठ पाहायचा आहे!

थोडे गणित

मी पेशाने मास्तर. तेव्हा आधी हिशेब करू, मग भावनेकडे वळू.

समजा, आपल्या घरी तीस एमबीपीएसची फायबर जोडणी आहे. अनेक कंपन्यांच्या 'अमर्याद' म्हणवणाऱ्या घरगुती योजनांत महिन्याला सुमारे ३,३०० जीबी अशी मर्यादा असते. आता दहा मुले रोज दोन तास शिकवणीची चित्रफीत पाहतात असे धरू. साध्या, स्पष्ट दिसेल इतपत चित्राला सेकंदाला सुमारे एक मेगाबिट लागते. एका तासाचे झाले साडेचारशे एमबी, म्हणजे अर्ध्या जीबीहून थोडे कमी. एका मुलाचे दोन तासांचे ०.९ जीबी. दहा मुलांचे दिवसाला नऊ जीबी, महिन्याला २७०. आपल्या ३,३०० पैकी २७०, म्हणजे बारावा हिस्साही नव्हे. वेगाचे म्हणाल तर दहाही मुले एकाच वेळी बसली तरी तीसपैकी दहा गेले, वीस शिल्लक. तेवढ्यात तुमची मालिकाही चालते, मुलाचा व्हिडिओ कॉलही चालतो आणि सौभाग्यवतींची पाककृतीही अडत नाही.

उरलेल्या तीन हजार जीबीचे आपण काय करतो? काहीही नाही. पहिल्या तारखेला ते आपोआप पुसले जातात. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात तळ गाठते, म्हणून ते मोजून देण्यात अर्थ होता. इथे न वापरलेले उद्यासाठी साठत नाही, रांजणात राहत नाही, नातवाला वारसाहक्काने जात नाही. जे आपण वापरत नाही आणि जे साठवताही येत नाही, ते शेजाऱ्याला न देण्याला काटकसर म्हणत नाहीत. मराठीत त्याला वेगळा शब्द आहे. दिवाळी अंकात तो छापणे बरे दिसणार नाही.

आता पलीकडच्या घरचा हिशेब. त्यांच्याकडे एक मोबाइल आणि त्यात दिवसाला दीड किंवा दोन जीबीचे रिचार्ज. तो मोबाइल सकाळी वडिलांच्या खिशातून कामावर जातो आणि रात्री आठला परत येतो. मग दोन मुले, एक आई आणि गावाकडचे फोन यांत त्याची वाटणी. त्यात जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी आपले दर साधारण अकरा ते पंचवीस टक्क्यांच्या दरम्यान वाढवले. ज्यांच्या घरी फायबर आहे त्यांना त्या वाढीची झळ कळलीसुद्धा नाही. ज्यांचे सगळे घर त्या एका रिचार्जवर चालते, त्यांना ती महिन्याच्या किराणा सामानात कळली.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातील जेमतेम २४ टक्के कुटुंबांकडे घरी इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात तर सुमारे १५ टक्के. पुढे दोनच वर्षांनी, मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आम्हा शिक्षकांना 'ऑनलाइन' शिकवा असे सांगण्यात आले. त्या वर्षी कोणती मुले मागे पडली हे मी हजेरीपटावर पाहिले आहे. ती मंद नव्हती. त्यांच्या घरात रेंज नव्हती, नाहीतर रिचार्ज नव्हते. जांबोटी-कणकुंबीच्या रानात टॉवर पोहोचला नाही, हे मी समजू शकतो. पण शहरातल्या गल्लीत, भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांपैकी एका घरात लहरी ओसंडून वाहत असताना दुसऱ्या घरातले मूल अंगणात मोबाइल उंच धरून फिरते, याला डोंगर-दऱ्या जबाबदार नाहीत.

आणि या लहरी तरी कोणाच्या? वाय-फाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते, तो पट्टा केंद्र सरकारने २००५ च्या जानेवारीत परवानामुक्त केला. त्यासाठी तुम्ही-आम्ही छदाम मोजत नाही. रेडिओ केंद्राला परवाना लागतो, मोबाइल कंपन्या लहरींसाठी कोट्यवधी रुपये भरतात. आपल्या राउटरला मात्र हे आकाश फुकट मिळाले आहे. तारेचे भाडे आपण भरतो हे खरे. पण आपल्या राउटरच्या लहरी विचारल्याशिवाय शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरतात, त्याच्या देव्हाऱ्यापर्यंत जातात. लहरी त्याच्या घरात, अन् कुलूप आपल्या नावाचे!

भीतीचा जन्म

आता सुरक्षेच्या मुद्द्याकडे येतो. तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना एक ई-मेल आला. माग काढता काढता पोलीस नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेत पोहोचले. तेथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. झडती झाली, संगणक ताब्यात घेतले गेले, बरीच चौकशी झाली. अखेर निष्पन्न झाले ते एवढेच, की त्यांच्या असुरक्षित वाय-फायचा दुसऱ्याच कोणी गैरवापर केला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि १३ सप्टेंबरच्या दिल्लीतील स्फोटांच्या वेळीही मुंबईतील दुसऱ्यांच्या वाय-फायवरून असे ई-मेल गेले. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी नेटवर्के हुडकून काढण्याची मोहीम जाहीर केली आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांचे वाय-फाय सुरक्षित करून घेण्याच्या सूचना दिल्या.

मंडळाच्या सूचनेचे मूळ इथे आहे. भीती खोटी नाही. जोडणी ज्याच्या नावावर, त्याच्या दारी पोलीस आधी येणार, हे आजही खरे आहे. पण या प्रकरणातून नेमका कोणता धडा निघतो? सानपाड्याच्या गृहस्थांनी आपल्या शेजारणीच्या मुलाला पासवर्ड दिला म्हणून हे घडले काय? नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाही अनोळखी माणसाला, नाव-गाव न सांगता, मालकाला न कळता आत शिरता येत होते, म्हणून घडले. दार सताड उघडे टाकून झोपणे वेगळे, आणि ओळखीच्या माणसाला ओसरीवर बसवणे वेगळे. मंडळाने पहिल्याचा दोष दुसऱ्याच्या माथी मारला आहे.

म्हणून माझे म्हणणे नीट ऐकून घ्यावे. पासवर्डच ठेवू नका, असे मी म्हणत नाही. आपल्याकडची परिस्थिती पाहता ते करू नये. पासवर्ड ठेवा, तो भक्कम ठेवा, आणि ज्याला गरज आहे त्या शेजाऱ्याला तो राजीखुशीने सांगा. उघडपणे द्या, उघडे टाकू नका.

जगात याहून पुढे गेलेले लोक आहेत. ब्रूस श्नायर हे संगणक-सुरक्षेच्या क्षेत्रातले जगन्मान्य नाव. कुलपे कशी करावीत यावर ज्यांनी ग्रंथ लिहिले, त्या माणसाने जानेवारी २००८ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात जाहीर लिहिले, की माझ्या घरचे वाय-फाय मी बिनपासवर्डचे ठेवतो. आल्यागेल्याला नेट देणे म्हणजे त्याला ऊब आणि गरम चहा देण्यासारखेच, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा सुरक्षेबद्दलचा युक्तिवाद अधिक लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपला संगणक आपण स्टेशनवर, हॉटेलात, विमानतळावर घेऊन जातो आणि तेथल्या परक्या नेटवर्कला जोडतो. तेव्हा तो संगणकच आतून सुरक्षित असला पाहिजे. घरच्या राउटरच्या कुलपावर विसंबणारा माणूस घराबाहेर पडताच उघडा पडतो.

जर्मनीतला अनुभवही बोलका आहे. २०१० साली तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने असा निकाल दिला, की वाय-फाय पुरेसे सुरक्षित न ठेवणाऱ्या घरमालकाला, त्याच्या नेटवर्कवरून तिसऱ्याने केलेल्या स्वामित्वहक्काच्या भंगासाठी काही अंशी जबाबदार धरता येईल. परिणाम काय झाला? लोकांनी धडाधड कुलपे लावली आणि सार्वजनिक वाय-फायच्या बाबतीत तो प्रगत देश मागे पडला. 'फ्रायफुंक' नावाची स्वयंसेवकांची चळवळ मात्र आपली नेटवर्के लोकांना देतच राहिली. अखेर २०१७ साली जर्मन संसदेने कायदा बदलला आणि नेट देणाऱ्याच्या मानेवरची ती टांगती तलवार काढली. तिथे भीती कायद्याने निर्माण केली, कायद्यानेच दूर केली. आपल्याकडे ती फलकावरच्या सूचनांनी वाढवली जात आहे.

'सर, उद्या काही झाले तर?' असे मला विचारतात. उद्या काही होऊ शकते म्हणून आपण वाचनालय बंद करत नाही. वाचनालयातल्या पुस्तकात कोणी धमकीची चिठ्ठी ठेवली तर ग्रंथपालाला फाशी देत नाही. आपण पुस्तक कोणाला दिले याची नोंद ठेवतो, एवढेच. शहाण्या समाजाने धोका असा हाताळायचा असतो.

मुले बिघडतील

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो मुख्याध्यापकालाच जास्त ऐकवला जातो : नेट मिळाले की मुले बिघडतात. खेळ खेळतात, नको ते पाहतात. यातही तथ्य आहे. गेल्या काही वर्षांत वर्गात पेंगणारी मुले मी रोज पाहतो.

पण मुलगा बिघडतो तो कोठे? रात्री बाराला पांघरुणात, स्वतःच्या मोबाइलमधल्या रिचार्जवर. माझ्या ओसरीवर संध्याकाळी सहा ते आठ या वेळात, इतर चार मुलांच्या सोबतीत, बाजूला मी पेपर तपासत बसलेलो असताना फारसा नव्हे. शेजारच्यांचे नेट दहा वाजता बंद होते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. त्यामुळे पांघरुणातला कार्यक्रम माझ्या नेटवर होत नाही. आणि खरे सांगायचे तर श्रीमंताच्या मुलाला स्वतंत्र खोली, स्वतंत्र मोबाइल आणि अमर्याद नेट देताना आपल्याला त्याच्या चारित्र्याची चिंता वाटत नाही. ती गरिबाच्या मुलाच्या बाबतीतच एकदम उफाळून येते. हे संस्कार नव्हेत, हा दुजाभाव आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे, असे म्हटले. वसतिगृहात मोबाइल वापरण्यावरच्या बंधनाला तिने विरोध केला होता. न्यायालयाला जे पटले, ते आमच्या रहिवासी मंडळाला पटायला किती वर्षे लागतील?

भाषेची भिंत

आता जे लिहितो आहे ते काहींना आवडणार नाही. पण सीमाभागातल्या मराठी दिवाळी अंकात ते नाही लिहायचे तर कोठे लिहायचे?

पासवर्डची गोष्ट निघाली की आमच्याकडे हळूच एक वाक्य कानावर येते : 'आपल्या माणसांना द्यायला हरकत नाही हो, पण...' या 'पण'च्या पुढे काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. पलीकडच्या आळीतही हेच वाक्य कानडीत बोलले जाते, याबद्दल मला शंका नाही.

सीमाप्रश्नावर माझी मते आहेत आणि ती लपवलेली नाहीत. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा प्रलंबित आहे. त्याचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. मराठीतून कागदपत्रे मिळावीत, मराठी शाळा टिकाव्यात, ही मागणी मी मरेपर्यंत करीन. पण ती मागणी सरकारकडे आहे. माझ्या उजव्या हाताच्या घरातील अक्कांकडे नाही. त्यांची मुलगी फाटकाशी येऊन 'सर, पासवर्ड कोडरी' असे म्हणते, तेव्हा ती माझ्या भाषेवर आक्रमण करत नसते. तिला निकाल पाहायचा असतो.

उलट नीट पाहिले तर सीमाभागातील मराठी घरालाच शेजाऱ्याच्या नेटची आणि शेजाऱ्याच्या भाषेची गरज अधिक. शेताचा उतारा आता संगणकावर मिळतो, पण कन्नडमध्ये. रेशनकार्डाची केवायसी, शिष्यवृत्तीचा अर्ज, पेन्शनची स्थिती, सारे मोबाइलवर. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मावशींना कन्नड अक्षर येत नाही. त्यांचा उतारा माझ्या ओसरीवर बसून, माझ्या नेटवर उघडतो कोण? तीच अक्कांची मुलगी. ती वाचून मराठीत सांगते. तिचे मराठी मोडके, मावशींचे कानडी त्याहून मोडके, आणि दोघींचे काम झकास. भाषिक सलोख्यावर भाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांपैकी एकाही भाषणाने मावशींचा उतारा निघालेला नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न तापला, गाड्यांवर दगड पडले, दोन्ही राज्यांमधली बससेवा काही काळ थांबली. त्या दिवसांत मोबाइलवर काय काय फिरत होते ते सर्वांनी पाहिले आहे. 'तुझ्या नेटवरूनच ते फिरले असेल,' असे मला नंतर एकाने सुनावले. फिरलेही असेल. पण माझ्या ओसरीवर त्या आठवड्यात मराठी आणि कानडी मुले शेजारी शेजारी बसून तीच चित्रफीत पाहत होती, आणि 'सर, हे खरे आहे काय?' असे विचारत होती. दोघांना एकाच वेळी उत्तर द्यायची संधी मला मिळाली. आपापल्या घरात, आपापल्या रिचार्जवर ती चित्रफीत पाहणाऱ्या मुलांना कोणी उत्तर दिले?

कसे द्यावे

नुसती टीका करून थांबणे मास्तराला शोभत नाही. तेव्हा फळ्यावर लिहावे तसे लिहितो.

एक. अलीकडच्या बहुतेक राउटरांत 'गेस्ट नेटवर्क' म्हणून सोय असते. म्हणजे घराला माजघर वेगळे आणि ओसरी वेगळी. ओसरीवरच्या माणसाला आपल्या संगणकातले, छापखान्यातले किंवा टीव्हीतले काही दिसत नाही, फक्त नेट मिळते. जोडणी लावायला येणाऱ्या मुलाला सांगितले तर तो पाच मिनिटांत ही सोय करून देतो. घरच्या मुख्य नेटवर्कचा पासवर्ड कोणालाच देऊ नका, जावयालाही नाही!

दोन. राउटरचा स्वतःचा पासवर्ड, म्हणजे कंपनीने घालून दिलेला, तो बदला. सुरक्षेची पद्धत डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हीच निवडा. जुनी 'वेप' पद्धत २००१ सालीच फोडता येते असे सिद्ध झाले आहे.

तीन. ओसरीचा पासवर्ड दर महिन्याला बदला आणि कोणाला दिला ते वहीत लिहा : नाव आणि तारीख. माझी वही शंभर पानी आहे, अजून निम्मीही भरलेली नाही. यामुळे देणाऱ्याला धीर येतो आणि घेणाऱ्याला भान राहते.

चार. वेळ ठरवा. रात्री दहानंतर ओसरी बंद.

पाच. पैसे घेऊ नका, आणि कंपनीचा करार वाचा. पुष्कळ करारांत जोडणी घरगुती वापरासाठी असल्याची व ती पुढे विकता येणार नसल्याची अट असते. गल्लीतल्या दहा मुलांना शिकायला हातभार लावणे आणि नेटचा धंदा करणे यांत फरक आहे. तो आपणच सांभाळायला हवा. करारात शेजाऱ्याला देण्याचीही मनाई असेल तर मुलांना ओसरीवर, आपल्या घरात बोलावून बसवा. घरी आलेल्या पाहुण्याला नेट देऊ नये असे लिहिणारी कंपनी माझ्या पाहण्यात नाही.

सहा. ज्यांना हे मोठ्या प्रमाणावर करायचे आहे, त्यांच्यासाठी कायदेशीर मार्ग आहे. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-वाणी' योजना मंजूर केली. तिच्यानुसार किराणा दुकानदार, चहावाला, वाचनालय, कोणीही सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकतो. त्याला परवाना लागत नाही, शुल्क लागत नाही. वापरणाऱ्याची ओळख मोबाइलवरून पटवली जाते, म्हणजे सानपाड्यासारखी निनावी घुसखोरी होत नाही. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत देशात एक कोटी सार्वजनिक वाय-फाय केंद्रांचे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात २०२५ च्या मध्यापर्यंत पीएम-वाणीची केंद्रे तीन लाखांच्या आसपासच होती. कारण छोट्या केंद्रचालकांकडे महागड्या जोडण्या मागितल्या जात होत्या. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने बंधन घातले, की दोनशे एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजनेच्या दुपटीहून अधिक दर अशा केंद्रांना लावता येणार नाही. दार किलकिले झाले आहे. आता ते ढकलणारा हात हवा.

महाडच्या ठरावाबद्दल वर लिहिले ते याचसाठी. योजना आहे, नियम आहे, दरावर बंधन आहे. आपल्या गावातल्या किती सार्वजनिक वाचनालयांनी, देवस्थानांनी, तालीम मंडळांनी आणि मराठी शाळांनी असे केंद्र सुरू केले? गणेशोत्सवात दहा दिवसांच्या रोषणाईवर आपण जो खर्च करतो, त्याच्या अल्प भागात वर्षभर एका गल्लीला नेट पुरवता येईल. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आमच्या रहिवासी मंडळाला मी लेखी कळवले आहे की सूचना मागे घ्यावी आणि तिच्या जागी वरील सहा कलमे तिन्ही भाषांत लावावीत. कन्नड भाषांतर अक्कांच्या मुलीने करून दिले आहे. मंडळाची बैठक दिवाळीनंतर आहे. तेथे मी हेच मुद्दे मांडणार आहे, आणि ठराव विरोधात गेला तर पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे.

वाचकांकडे मागणे एवढेच : दिवाळीच्या दिवसांत आपल्या घरून चकली-कडबोळ्यांचे ताट पलीकडे जाईल आणि तिकडून होळगीचे ताट इकडे येईल. ताट देताना विचारून पाहा, घरात शिकणारे मूल आहे काय, त्याला नेट पुरते काय. नाही म्हणाले, तर काय करायचे ते आता आपल्याला ठाऊक आहे.